गाडीवर अँटेना नेमका कुठे बसवायचा? थार, जिम्नी, गुरखा चालवणाऱ्या नव्या हॅमसाठी

हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना आला, मोबाइल रेडिओ घेतला, आता राहिला अँटेना. नवे लोक सगळा वेळ 'कोणता अँटेना घेऊ' यावर घालवतात आणि जागा ठरते सर्वांत शेवटी, म्हणजे हाताशी असलेला क्लॅम्प जिथे बसला तिथे. हा क्रम उलटा करा. चांगल्या जागी बसवलेला साधा पाव तरंगलांबीचा दांडा चुकीच्या कोपऱ्यात अडकवलेल्या महागड्या 'हाय गेन' अँटेनाला सहज मागे टाकतो.

याचं कारण असं, की गाडीवरच्या अँटेनाचा दिसणारा दांडा हा अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा म्हणजे त्याच्या बुडाखालचा आणि आजूबाजूचा पत्रा. दांडा बदलता येतो, गाडीचा पत्रा बदलता येत नाही. म्हणून सुरुवात गाडीपासून करायची.

हा लेख मुख्यतः दोन मीटर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) आणि सत्तर सेंटिमीटर (भारतात ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ) या बँडसाठी आहे. डोंगरात गाड्यांच्या ताफ्यात एकमेकांशी बोलायला हेच वापरले जातात. एचएफबद्दल (३ ते ३० मेगाहर्ट्झ) शेवटी थोडं आहे.

१. आधी कागद

हे गाडीत ठेवा:

- हॅम परवान्याची प्रत. परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो, किमान वय १२ वर्षं.
- रेडिओच्या खरेदीचं बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर असलेलं.
- आरसी, विमा, पीयूसी.

नाक्यावर गाडी थांबवली जाते ती अँटेना बघूनच. तेव्हा परवाना फोनमध्ये शोधत बसण्यापेक्षा छापील प्रत पुढे केलेली बरी. किती वॉट वापरता येतात हे परवान्याच्या श्रेणीवर ठरतं, त्यामुळे रेडिओवर ५० लिहिलंय म्हणून तुम्हालाही ५० चालतील असं धरू नका. आणि ताफ्यातल्या ज्या मित्राकडे परवाना नाही त्याच्या हातात दोन मीटरचा हँडी (हातातला रेडिओ) देऊन 'मागून बोलत राहा' हे चालत नाही. परवाना माणसाला असतो, ताफ्याला नाही.

टपाला भोक पाडायचा विचार असेल तर गाडीच्या वॉरंटीची पुस्तिका आधी वाचा. गंजाच्या वॉरंटीत अशा भोकाबद्दल अट असू शकते.

२. चुंबक घेऊन गाडीभोवती फिरा

फ्रिजला लावायचा साधा चुंबक घ्या आणि टप, बॉनेट, मडगार्ड, मागचं दार, कॅरिअर, बंपर सगळीकडे लावून बघा. चिकटला तिथे पोलादी पत्रा. नाही चिकटला तर फायबर, प्लास्टिक किंवा अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमवर चुंबकी बूड बसणार नाही, पण अँटेनाला खालचा धातू म्हणून ते उत्तम चालतं. फायबर मात्र अँटेनाच्या दृष्टीने हवाच.

जिम्नीचा टप पोलादी आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी पाण्याची पन्हळ आहे, म्हणजे भोक न पाडता क्लॅम्प लावायची सोय कंपनीनेच करून ठेवलीय. थारची सॉफ्ट टॉप असेल तर वर कापड आहे, प्रश्नच मिटला. हार्ड टॉप असेल तर विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, चुंबकाला विचारा. थार रॉक्सच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये पॅनोरामिक सनरूफ आहे, तिथे काचेच्या मागे पत्र्याचा किती पट्टा उरतो ते मोजा. पिकअपमध्ये केबिनचा टप छोटा असतो, पण दोन मीटरसाठी पुरतो.

आता मोजपट्टी घ्या. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण २.०७ मीटर, म्हणजे पाव तरंग ५० सेंटिमीटरच्या आसपास. अँटेनाच्या बुडापासून सगळ्या दिशांना निदान ५० सेंटिमीटर पत्रा मिळाला तर जागा पहिल्या दर्जाची. ४३५ मेगाहर्ट्झसाठी हेच अंतर १७ सेंटिमीटरवर येतं, म्हणून सत्तर सेंटिमीटरचा बँड कोपऱ्यातही बऱ्यापैकी निभावतो आणि खरी परीक्षा दोन मीटरवर होते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागेल. थार, जिम्नी, गुरखा या तिन्ही शिडीच्या चासीवर बांधलेल्या गाड्या आहेत. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबरी बुश असतात. पुढचा-मागचा बंपर चासीला, टप बॉडीला. दोन्ही 'गाडीच' असली तरी रेडिओच्या दृष्टीने त्यांच्यातला जोड म्हणजे कंपनीने दिलेली एक-दोन अर्थिंगची वायर.

३. दांडा किती लांब हवा ते ठरवा

दोन मीटरवर तीन पर्याय येतात:

- पाव तरंग: सुमारे ४९ सेंटिमीटर. खाली पत्रा लागतोच.
- अर्धा तरंग: सुमारे एक मीटर, बुडाशी मॅचिंगची कॉइल. खालच्या पत्र्यावर फारसा अवलंबून नाही.
- पाच-अष्टमांश: सुमारे सव्वा मीटर. पत्रा लागतो, क्षितिजाकडे थोडी जास्त ताकद.

जाहिरातीतल्या डेसिबलच्या आकड्यांना भुलू नका. जास्त गेन म्हणजे जास्त ऊर्जा नव्हे. तीच ऊर्जा क्षितिजाच्या दिशेने चपटी दाबलेली असते. मोकळ्या माळरानावर किंवा पुणे-सोलापूर हायवेवर ते कामाचं. पण गाडी वीस अंश कललेली, समोरचा घाटाच्या वरच्या वळणावर, तुम्ही खालच्या ओढ्यात, अशा वेळी चपटा पट्टा एका बाजूला जमिनीत आणि दुसऱ्या बाजूला आभाळात जातो. सह्याद्रीतल्या वाटांसाठी आमचा कौल सरळ पाव तरंगाला आहे. शिवाय अर्ध्या मीटरचा दांडा करवंदीच्या जाळीतून सहीसलामत बाहेर येतो.

सॉफ्ट टॉप किंवा फायबरचा टप असेल तर अर्धा तरंग घ्या. खरेदी करताना 'याला ग्राउंड प्लेन (खालचा पत्रा) लागतं का' हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर माहितीपत्रकात बघून घ्या.

४. जागा एकेक करून तपासा

*टपाचा मध्य.* पोलादी टप असेल तर यापुढे वाचायची गरज नाही, इतकी ही जागा सरस आहे. चारही बाजूंना पत्रा, सगळ्यांत उंच, सर्व दिशांना जवळपास सारखी ताकद, आणि आत बसलेल्यांच्या डोक्यावर पत्र्याची आडोशी भिंत. दोषही सांगतो: भोक पाडावं लागतं, फांद्यांचा पहिला फटका इथेच बसतो, आणि कॅरिअर लावला असेल तर खाली दांड्याला जागा उरत नाही. कंपनीचा शार्क फिन अँटेना असेल तर त्यापासून ४०-५० सेंटिमीटर दूर राहा, नाहीतर जीपीएस आणि एफएम दोन्ही कुरकुर करतील.

*टपाची कड, पन्हळीवर क्लॅम्प.* भोक नको असेल तर दुसरा क्रमांक हिचा. एका बाजूला पत्रा भरपूर, दुसऱ्या बाजूला नाही, त्यामुळे ताकद सगळीकडे सारखी जात नाही. साधारण नियम असा की जिकडे पत्रा जास्त तिकडे ताकद जास्त. डाव्या मागच्या कोपऱ्यातला अँटेना उजव्या पुढच्या दिशेला चांगला बोलतो. ताफ्यात तुम्ही नेहमी शेवटी असाल तर मागचा कोपरा तुमच्या फायद्याचा. क्लॅम्पचे स्क्रू रंगावरच टेकले तर अर्थिंग मिळत नाही. पन्हळीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला रंग खरवडून स्क्रूची टोकं उघड्या धातूत रुतवा, आणि नंतर गंजरोधक लावा.

*कॅरिअर.* सर्वाधिक लोक इथेच लावतात आणि सर्वाधिक तक्रारीही इथल्याच. तीन कारणं आहेत. पहिलं, कॅरिअरला पावडर कोटिंग असतं आणि ते वीज वाहून नेत नाही. कॅरिअर टपाला रबरी पॅडवर बसलेला असेल तर त्याचा गाडीशी विद्युत जोडच नसतो. दुसरं, कॅरिअरच्या नळ्या म्हणजे पत्रा नव्हे, त्यांच्यामध्ये मोठ्या फटी आहेत. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: पाव तरंगाच्या दांड्यात सर्वांत जास्त करंट बुडाशी असतो, टोकाशी नाही. म्हणजे बूड कॅरिअरच्या कठड्याआड, शेजारी जेरीकॅन, मागे रूफ टेंटची अॅल्युमिनियमची पेटी, आणि वर फक्त टोक डोकावतंय, असा अँटेना कामाचा भाग झाकून बसलेला असतो. कॅरिअरवरच लावायचा असेल तर कोपऱ्यात ब्रॅकेट असा लावा की बूड सामानाच्या वरच्या पातळीला येईल, कोटिंग खरवडून जाड चपटी ब्रेड (तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी) बॉडीला जोडा, आणि अर्ध्या तरंगाचा दांडा वापरा. एलईडी लाइट बार असेल तर अँटेना त्याच्या विरुद्ध टोकाला. स्वस्त लाइट बारमधला ड्रायव्हर (दिव्यांना वीज पुरवणारं सर्किट) व्हीएचएफवर, म्हणजे दोन मीटरच्या बँडवर, इतका गोंगाट करतो की रात्री दिवे लावले की रिसेप्शन गायब. विकत घेण्याआधी तपासायचं असेल तर बारला बॅटरी जोडून हँडी जवळ नेऊन बघा.

*बॉनेटची कड किंवा मडगार्ड.* सॉफ्ट टॉपवाल्यांसाठी बहुतेक वेळा हीच व्यवहार्य जागा. बॉनेट हा मोठा पत्रा आहे, पण तो रबरी गोट्यांवर आणि रंगवलेल्या बिजागऱ्यांवर बसतो, म्हणजे बाकी गाडीशी त्याचा जोड कच्चा. दोन्ही बिजागऱ्यांपाशी बॉनेट ते बॉडी अशी ब्रेड लावा. उजव्या बाजूला लावलात तर दांडा चालकाच्या नजरेत सतत हलत राहतो, म्हणून डावी बाजू बरी. इंजिनच्या गोंगाटाची तयारी ठेवा. कमाल ताकदीवर बोलताना काचेपलीकडे बसलेला माणूस फार जवळ येतो, त्याबद्दल पुढे.

*स्टेपनीचा ब्रॅकेट.* थार, जिम्नी, गुरखा तिघींची स्टेपनी मागच्या दारावर असते आणि तयार ब्रॅकेटही मिळतात. बूड टायरच्या आड गेलं तर रिम आणि टायरमधल्या पोलादी तारा दोन्ही अँटेनाच्या अगदी शेजारी येतात आणि ट्यूनिंग सरकतं. दाराचा विद्युत जोड फक्त बिजागरीतून. केबल रोज दाराबरोबर वाकते आणि काही महिन्यांत आतून तुटते. हीच जागा हवी असेल तर बूड टपाच्या पातळीपर्यंत उचलणारा ब्रॅकेट, अर्ध्या तरंगाचा दांडा आणि बिजागरीच्या बाजूने आत नेलेली केबल, या तिन्ही गोष्टी हव्यात. दोन केल्या आणि एक राहिली तर फायदा नाही.

*बंपर.* टाळा. बूड खाली, वर सगळी गाडी आडवी, अर्थिंग चासीचं आणि पाण्यात पहिलं बुडणारं कनेक्टर. थारची पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे, म्हणजे बंपरवरचं कनेक्टर ओढ्यात गेलंच म्हणून समजा. बुलबारवर लावायचा विचार असेल तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलेलं आहे. परदेशी व्हिडिओत बुलबारवर डौलाने उभे असलेले लांब दांडे दिसतात, ते तिथेच राहू द्या.

*आरसा, काचेवर चिकटवायचे अँटेना.* आरशाचा ब्रॅकेट चालकाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर असतो. काचेवर धातूयुक्त फिल्म असेल तर काचेवरचा अँटेना निकामी. दोन्ही सोडून द्या.

फायबर टपाचा एक उपाय आहे, तो थोडा कष्टाचा. टपाच्या आतून, हेडलायनरच्या (आतल्या अस्तराच्या) वर, एक मिलिमीटर जाडीचा साधारण १ मीटर बाय १ मीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा चिकटणारी तांब्याची फॉइल लावायची आणि अँटेनाचं बूड त्या धातूला घट्ट जोडायचं. आकार जमत नसेल तर ५० सेंटिमीटरच्या चार पट्ट्या बुडापासून अधिक चिन्हासारख्या पसरल्या तरी काम होतं.

५. उंची आणि माणसं

गाडीची उंची अधिक बुडाची उंची अधिक दांडा, हा आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. थार साधारण १.८५ मीटर. त्यावर सव्वा मीटरचा दांडा म्हणजे ३.१ मीटर. बहुतेक सोसायट्यांच्या बेसमेंट पार्किंगला हा जात नाही, म्हणून आडवा पडणारा बुडाचा सांधा किंवा हाताने सुटणारा दांडा घ्या. टपावर अर्ध्या मीटरचा लवचीक दांडा असेल तर तो स्प्रिंकलरच्या पाइपाला टकटक करत आत जातो, पण रोज ते बरं नव्हे.

ताकदीचा प्रश्न गंभीरपणे घ्या. माणसाच्या शरीराबाबत सुरक्षेच्या मर्यादा व्हीएचएफवर सर्वांत कडक असतात. ५० वॉटवर बोलताना दांड्यापासून माणूस निदान दीड-दोन मीटर लांब असावा हा हिशेब ठेवा. टपाच्या मध्यावरच्या अँटेनाखाली बसलेल्यांना पत्रा वाचवतो. बॉनेटच्या कडेला किंवा स्टेपनीवर अँटेना असेल तर बाहेर उभ्या माणसाला काहीच वाचवत नाही. गाडी अडकलीय, दोघं बॉनेटला टेकून विंचची दोरी बांधतायत, आणि आत तुम्ही पीटीटी (बोलायचं बटण) दाबताय, असं करू नका. अशा वेळी ५ वॉटवर या. ताफ्यातल्या बोलण्याला ते पुरतात.

६. भोक पाडण्याआधी चुंबकी बुडावर चाचणी

टप पोलादी असेल तर एक चुंबकी बूड उसनं आणा. मोकळ्या मैदानात गाडी उभी करा. पाच-दहा किलोमीटरवरच्या मित्राला कमीत कमी ताकदीवर हाक मारा आणि गाडी आठ दिशांना वळवून प्रत्येक वेळी अहवाल घ्या. एफएमच्या सिग्नल मीटरवर फार विसंबू नका, तो ढोबळ असतो. त्यापेक्षा आवाजात खरखर कुठल्या दिशेला सुरू होते ते विचारा. मध्य, मागचा भाग, कोपरा असं तीन जागी करा. एका सकाळीत उत्तर मिळतं.

चुंबकी बूड कायमचं ठेवायचा मोह होईल. टाळा. त्याखाली धूळ गेली की रंगावर पॉलिशपेपर फिरवल्यासारखं होतं, फांदी लागली की ते घसरतं, आणि दाराच्या रबरात रोज चेपलेली केबल आतून चपटी होते.

७. सामान आणि हत्यारं

- एनएमओ बूड (पत्र्यातल्या भोकात बसणारं) किंवा क्लॅम्पचा ब्रॅकेट, केबलसकट
- १९ मिलिमीटरचा होल सॉ (एनएमओसाठी), ३ मिलिमीटरचा ड्रिल बिट, सेंटर पंच, गोल कानस
- मास्किंग टेप, गंजरोधक प्रायमर
- टिनचा मुलामा दिलेली चपटी तांब्याची ब्रेड, दातेरी वॉशर, स्टेनलेस नट-बोल्ट
- आपोआप एकजीव होणारी रबरी टेप, न्यूट्रल सिलिकॉन
- मल्टिमीटर
- दोन्ही बँडवर चालणारा एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा) किंवा नॅनोव्हीएनए (तेच मोजणारं छोटं उपकरण)

सिलिकॉन घेताना सावध. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं आणि तांबं खातं. ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेलं बघूनच घ्या. तसंच एसडब्ल्यूआर मीटर सीबीचा, म्हणजे २७ मेगाहर्ट्झचा, घेऊन १४५ वर वाचायला जाऊ नका. त्याचा काटा हलतो, पण खोटा हलतो.

८. बसवणी

टपात एनएमओ बसवायचं असेल तर:

१) आतला दिवा काढा. बहुतेक गाड्यांत त्या भोकातून हात आत जातो आणि केबल ओढता येते. टपाला आतून आडव्या पट्ट्या असतात. वरून बोटाने ठोकून त्यांची जागा ओळखा आणि दोन पट्ट्यांच्या मधला भाग निवडा.

२) मास्किंग टेप लावून मध्य आखा. दोन्ही बाजूंनी मोजा, मग पुन्हा मोजा. सेंटर पंच, मग ३ मिलिमीटरचं भोक, मग होल सॉ. सॉला खोलीचा अडथळा लावा, नाहीतर हेडलायनरही कापला जाईल.

३) लोखंडाचा कीस चुंबकाने लगेच उचला. तो तिथेच राहिला तर पहिल्या पावसात रंगावर तांबडे ठिपके उमटतात.

४) भोकाच्या वरच्या कडेला प्रायमर. खालच्या बाजूला, जिथे बुडाचे दात टेकतात, तिथे उघडा धातू हवा. तिथे रंग लावलात तर अर्थिंग गेलं.

५) रिंग हाताने आणि मग योग्य पान्याने हलकी आवळा. जास्त आवळलीत तर ओ-रिंग बाहेर फुगते आणि पाणी तिथूनच येतं. दांडा काढून ठेवाल तेव्हा वर रबरी टोपी लावा.

पत्र्याला हात लावायची हिंमत होत नसेल तर टॅक्सी किंवा पोलीस गाड्यांवर अँटेना बसवणारा कारागीर गाठा. साध्या गॅरेजच्या मिस्त्रीला खालच्या बाजूचा रंग का खरवडायचा हे समजावणं कठीण जातं, तो उलट चांगुलपणाने तिथे अंडरकोट मारून ठेवतो.

ब्रॅकेटवाल्यांनी एवढंच बघायचं: ब्रॅकेट ते बॉडी मल्टिमीटरवर एक ओहमपेक्षा कमी हवं. आधी मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून वायरचा स्वतःचा रोध वजा करा. ब्रॅकेट हाताने हलवताना आकडा उड्या मारत असेल तर खडकाळ वाटेवर आवाजही तसाच उड्या मारेल.

९. केबल

आरजी-५८ पाच मिलिमीटर जाडीची, वाकायला सोपी, सगळीकडे मिळते. चार मीटर लांबीत १४५ मेगाहर्ट्झवर ती साधारण सहावा हिस्सा ताकद खाते, ४३५ वर चौथ्या हिश्श्याहून जास्त. दोन मीटरच वापरणार असाल तर चालेल. दोन्ही बँड वापरायचे तर एलएमआर-२४० जातीची घ्या, जाडी फार वाढत नाही. पेन्सिलपेक्षा बारीक आरजी-१७४ फक्त दाराच्या फटीतून जायच्या एक-दोन वितींपुरती.

केबल नेताना पुढच्या खांबात आणि टपाच्या कडेला पडद्याच्या एअरबॅग असतात का ते बघा. केबल एअरबॅगच्या समोरून कधीही नाही, तिच्या मागे, कंपनीच्या वायरिंगच्या क्लिपांबरोबर. वळण पाच सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट नको. गाडीत शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोक्याच्या तळाशी टपकेल, आत येणार नाही. केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर पाणबंद नसतो. त्यावर रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळा. कोकणातली खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांच्यापुढे साधी इन्सुलेशन टेप टिकत नाही.

१०. ट्यूनिंग

दांडा कापण्याआधी मल्टिमीटरने केबलची मधली तार आणि जाळी यांच्यात जोड आहे का बघा. साध्या पाव तरंगात जोड नसावा. पाच-अष्टमांश आणि अर्ध्या तरंगाच्या काही अँटेनांत कॉइलमुळे तो मुद्दाम असतो, त्यात घाबरायचं नाही.

मग गाडी मोकळ्या जागी आणा. बॉनेट बंद, दारं बंद, तुम्ही दांड्यापासून दूर. कमी ताकदीवर, रिकामं चॅनल बघून, कॉलसाइन सांगून १४४, १४५ आणि १४६ वर एसडब्ल्यूआर घ्या.

१४४ कडे कमी आणि १४६ कडे जास्त असेल तर दांडा लांब आहे, कापा. उलट असेल तर आखूड आहे, बुडातून थोडा वर सरकवा. पाव तरंगाच्या दांड्यात एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ३ मेगाहर्ट्झ, त्यामुळे एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त कापू नका. १.५ किंवा कमी आला की थांबा. दीडवर चार टक्के ताकद परत येते, दोनवर अकरा टक्के. दीडचा एक करण्यासाठी अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही. तीनवर पंचवीस टक्के परत येते, तिथे मात्र रेडिओ बंद करून कारण शोधा.

तिन्ही ठिकाणी सारखाच वाईट आकडा येत असेल तर लांबीचा दोष नाही, अर्थिंग किंवा कनेक्टर बघा. आणि तिन्ही ठिकाणी संशयास्पद चांगला आकडा येत असेल, पण कुणाला ऐकू जात नसेल, तर केबलमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. ओली केबल परत येणारी ताकदही खाते, त्यामुळे मीटर खूश दिसतो.

कॅरिअरवर नेहमी सामान असतं का? मग सामान चढवूनच मोजा.

११. पहिल्या दोन-तीन ट्रिपनंतर

बूड आणि ब्रॅकेटचे नट पुन्हा आवळा. लॉक वॉशर असूनही रंगाचा थर दबतो आणि ते सैल होतात. ब्रेडची टोकं हिरवी पडली असतील तर घासून ग्रीस लावा. अॅल्युमिनियम कॅरिअर आणि स्टेनलेस बोल्ट यांच्या सांध्यात पांढरी भुकटी दिसू लागली की ती धातू खाल्ला जात असल्याची खूण. एसडब्ल्यूआर पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा मोजून वहीत लिहा. आकडा सरकला की कुठेतरी काहीतरी सुटलंय.

एचएफ लावायचं असेल तर

७ मेगाहर्ट्झवर पाव तरंग दहा मीटरच्या वर जातो. गाडीवर बसतो तो कॉइल घातलेला दोन-अडीच मीटरचा दांडा, आणि त्याची कार्यक्षमता मुळातच थोडी. इथे पत्र्यापेक्षा जोडणी महत्त्वाची: बॉनेट, मागचं दार, बॉडी ते चासी, सायलेन्सरचा पाइप, सगळं ब्रेडने बांधावं लागतं. नाहीतर पाठवलेली ताकद गाडी तापवण्यात जाते आणि अल्टरनेटरचा सूर रिसेप्शनमध्ये घुमतो. जागा शक्यतो मागे, बूड जितकं उंच ठेवता येईल तितकं.

उंचीचा हिशेब मात्र इथे जिवावर बेतू शकतो. थारच्या टपावर अडीच मीटरचा दांडा म्हणजे ४.३५ मीटर. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या उंचीच्या गेजची मर्यादा ४.६७ मीटर असते आणि पलीकडच्या तारेत २५ हजार व्होल्ट. गावातल्या वीजतारा तर कुठे किती खाली लोंबतायत याचा भरवसा नाही. लांब दांडा गाडी थांबवल्यावर उभा करायचा आणि निघताना आडवा बांधायचा. बांधायची दोरी नायलॉनची घ्या, तारेची नको.